बारावीतली पोरगी मराठीत आणताना

"बारावीचं वर्ष आहे तिचं." आपल्याकडे एखाद्या आईने हे वाक्य आवाज खाली करून म्हटलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. मुलगी लग्नाला का आली नाही, टीव्ही बंद का, आईने रजा का टाकली, सगळ्याचं उत्तर त्यात असतं. गेल्या वर्षभरात मी एका अमेरिकन कादंबरीचा अनुवाद केला. तिच्या पहिल्या पानावर जवळजवळ हेच वाक्य आहे, फक्त ते मुलगी स्वतः म्हणते आणि मिटक्या मारत म्हणते. तिच्या लेखी बारावी म्हणजे उनाडायचं वर्ष. माझं पहिलं पान तीन महिने अडलं ते इथे.

कादंबरीचं नाव सांगत नाही, पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही. गोष्ट साधी आहे. मेरीलँड राज्यातली सतरा वर्षांची मुलगी, तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. त्या राज्यात शाळेचा दाखला हातात पडायचा तर ७५ तासांची समाजसेवा लागते. बाकीच्यांनी ती सहावी-सातवीपासून थोडी थोडी उरकलेली असते. आमची नायिका बारावीत पोचते तेव्हा तिच्या खात्यावर शून्य तास असतात. मग ती म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये जायला लागते, तिथल्या ८२ वर्षांच्या एका बाईंशी पत्त्यांवरून भांडते, घरी आईच्या दुसऱ्या नवऱ्याशी जुळवून घेत नाही, आणि शाळेत तिच्या लॉकरमध्ये कुणीतरी निनावी चिठ्ठ्या टाकत असतं. सगळं ती स्वतः सांगते आणि दर दोन ओळींनी हसवते.

प्रकाशकांकडून प्रत आली, ती मी दोन बैठकीत संपवली आणि त्याच रात्री होकार कळवून टाकला. हा मूर्खपणा होता. विनोदी पुस्तक वाचताना लागणारा वेळ आणि ते मराठीत आणायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हक्कांचं काम प्रकाशकांनी केलं. लेखिका हयात आहेत. त्या नसत्या तरी आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं परवानगी लागतेच. करारात दोन अटी होत्या: काही गाळायचं नाही, आणि मराठी नाव त्यांना दाखवून मगच नक्की करायचं. पहिली अट वाचून मी मान डोलावली. दुसरीकडे लक्षच दिलं नाही.

तर ते बारावी प्रकरण. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी, चार वर्षांचं. प्रत्येक वर्षाच्या मुलांना वेगळं नाव: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर. म्हणजे बारावीतली ती सीनिअर. आता हे वाक्य महाराष्ट्रात म्हणून बघा. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, आणि सीनिअर कॉलेज म्हणजे एफवाय ते टीवाय. मी "माझं सीनिअरचं वर्ष" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला पोरगी पदवीच्या वर्गात गेल्यासारखी वाटणार. "बारावी" लिहिलं तर आई रजा टाकणार, क्लास लागणार, फेब्रुवारीत परीक्षेच्या खोलीबाहेर पालकांची गर्दी होणार. तिकडे तसं काही नसतं. कॉलेजचे अर्ज जातात बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत, त्यामुळे त्यात दिसणारे मार्क बहुतेक अकरावीपर्यंतचे. घाम निघतो तो अकरावीत. अर्ज गेले की मुलांच्या अंगात एक आळस शिरतो. त्याला त्यांनी आजाराचं नावच दिलंय, सीनिअरायटिस. टॉन्सिलायटिसच्या चालीवर. निकाल फार घसरला तर कॉलेज दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं, पण सतरा वर्षांच्या माणसाला असल्या शक्यता दिसत नसतात.

पहिल्या खर्ड्यात मी यावर तळटीप दिली. मग जीपीएवर, म्हणजे तिकडच्या सरासरी गुणांवर, दिली. मग एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेवर दिली, की ती १६०० पैकी असते, गणिताचे ८०० आणि वाचन-लेखनाचे ८००. प्रॉमवर, म्हणजे शाळा संपतानाच्या नाचाच्या समारंभावर, तर आठ ओळींची दिली, त्यात तो शब्द प्रॉमनाडपासून आला हेही घातलं. का? कारण मला माहीत होतं. पहिल्या प्रकरणाला एकोणीस तळटीपा झाल्या. मला ते काम फार जबाबदारीचं वाटत होतं.

माझी भाची अकरावीत आहे. तिला ते प्रकरण वाचायला दिलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले, म्हणजे ती हसली तर ऐकू यावं. चाळीस मिनिटं बाहेरून आवाज नाही. मग ती कागद घेऊन आत आली.

"मावशी, ही मुलगी सतरा वर्षांची आहे ना?"

"हो."

"मग ती तुझ्यासारखी का बोलते?"

मी म्हटलं, तळटीपा खटकल्या का? ती म्हणाली, तळटीपा मी वाचल्याच नाहीत. प्रॉम काय असतो ते आम्हाला माहितीये गं. सगळ्यांना माहितीये. तू "तथापि" लिहिलंयस.

खरंच लिहिलं होतं. एकदा नाही, चारदा.

एकोणीसपैकी एकही टीप राहिली नाही. सबंध पुस्तकात आता एकच आहे, तीही ७५ तासांच्या नियमावर, कारण तो नियम लेखिकेने विनोदासाठी रचलाय असं वाटण्याचा धोका होता. "सीनिअर" शब्द ठेवला, पण पहिल्या परिच्छेदात मुलीच्याच तोंडून त्याची फोड केली: चार वर्षं झिजवल्यावर मिळणारी पदवी, पगार नाही. "बारावी" शब्द पहिली चाळीस पानं येऊच दिला नाही. तोवर वाचणाऱ्याला तिच्या उनाडपणाची सवय झालेली असते आणि मग बारावी म्हटलं तरी कुणाची आई रजा टाकत नाही.

तळटीपा गेल्या तरी भाचीचा मूळ प्रश्न तसाच होता. मी वस्तू भाषांतरित करत बसले होते. लॉकर, यलो बस, गाऊन, टोपीचा गोंडा. वस्तूंचं ओझं वाचक उचलतो, त्याला त्यात काही वाटत नाही. आवाज मात्र आपला आपल्यालाच बसवावा लागतो, आणि मराठीत या वयाच्या चावट, हुशार मुलीचा आवाज मला हाताशी सापडेना. आमच्या पिढीने वाचलेली पोरं आठवली. गोट्या, फास्टर फेणे, पुढे 'शाळा'तला मुकुंद. सगळे मुलगे. मुली होत्या त्या त्यांच्या बहिणी होत्या, नाहीतर समोरच्या बाकावर होत्या. ताम्हनकरांची चिंगी आहे, पण ती लहान. स्वतःच्या फजितीवर स्वतःच टोमणा मारणारी सतरा वर्षांची मुलगी, आणि तीही 'मी' म्हणून सांगणारी, मला चटकन कुठे आठवली नाही. असेलही कुणीतरी लिहिलेली. माझ्या कपाटात नव्हती.

सोपा मार्ग होता, बोलीतले चालू शब्द घालायचे. मी "झक्कास", "भन्नाट", "फंडे" वगैरे पेरले. भाची म्हणाली, हे तर आई बोलते. मग मी तिच्याकडूनच यादी मागितली. तिने फोनवर सत्तावीस शब्द पाठवले, त्यातले नऊ मला समजले. बाकीचे समजून घेऊन दुसऱ्या खर्ड्यात मोठ्या हौसेने वापरले. तो खर्डा तिने आठ महिन्यांनी वाचला आणि सत्तावीसपैकी सहा शब्दांवर पेन्सिलीने लिहिलं: आता कोणी म्हणत नाही. आठ महिने! पुस्तक छापून दुकानात जाईपर्यंत सगळी यादीच पंचांगासारखी शिळी झाली असती. सगळे काढून टाकले. शिव्यांचं त्याहून बिकट. "च्यायला" मुली सर्रास म्हणतात, पण संपादकांनी त्यावर लाल गोल केला, "आयला"वरही केला, आणि शेवटी "शी" आणि "बाप रे" यांच्यावर कारभार चालला. तोंडी लावायला "अरे यार". यावर माझं समाधान नाही.

आवाज सापडला तो एका ट्रेडमिलमुळे. आईच्या नवऱ्याने घरात ट्रेडमिल आणलेली असते, आणि तिचा उपयोग फक्त टॉवेल वाळत घालायला होतो. मूळ वाक्यात हशा शेवटच्या शब्दावर आहे, आणि तो शब्द टॉवेल. माझं वाक्य असं होतं: "आईच्या नवऱ्याने आणलेल्या ट्रेडमिलवर रोज न चुकता टॉवेल चढतात." बरोबर आहे. मेलेलं आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे टॉवेल मध्येच पडतो आणि "चढतात" म्हणेपर्यंत गंमत सांडून गेलेली असते. मग ते असं केलं: "आईच्या नवऱ्याने ट्रेडमिल आणली. तिच्यावर रोज न चुकता चढतात ते टॉवेल." दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं तर मलाच हसू आलं. मग पूर्ण हस्तलिखित घेऊन बसले आणि जिथे जिथे विनोद होता तिथे वाक्याचा शेवटचा शब्द कोणता आहे तो तपासला. "होता", "होती", "असते", "आहे". निम्म्याहून जास्त विनोद "आहे"च्या पायाशी मरून पडले होते. बोलताना आपण असं बोलत नाही. "आली महाराणी." "खाल्लं डोकं." "झालं, संपलं वर्ष." क्रियापद पुढे ओढायचं, नाहीतर गिळून टाकायचं, हे प्रत्येक मराठी पोरीला येतं. लिहिताना मात्र मी शाळेतल्या बाईंना स्मरून वाक्य पुरं करत होते. या एका दुरुस्तीला सहा आठवडे गेले. पुस्तक तेव्हा मराठी झालं असं मला वाटतं, त्याआधी ते नुसतं देवनागरीत होतं.

आणि एक हत्यार असं मिळालं जे इंग्रजीकडे नाही. अमेरिकन कॉलेजच्या सामायिक अर्जाला एक निबंध जोडावा लागतो, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. तुम्ही कोण, तुमच्यावर कोणतं संकट आलं, त्यातून काय शिकलात. नायिकेची अडचण अशी की तिच्यावर संकटच आलेलं नाही. आईवडिलांचा घटस्फोट झाला तोही मेला इतका समजूतदारपणे की त्यात ६५० शब्द निघेनात. मग ती मेलेल्या हॅमस्टरवर लिहिते. त्याच्याकडून आपण नेतृत्व शिकलो, असं. असे पाच निबंध कादंबरीत आहेत, एकाहून एक भिकार, आणि भिकार असणं हाच त्यांचा विनोद.

मराठीत हे आयतं सापडलं. आपण सगळ्यांनीच 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' लिहिलेला आहे. बहुतेकांच्या आयुष्यात तोवर तसा प्रसंग घडलेला नव्हता. शिवाय आपल्याकडे लिहायची आणि बोलायची भाषा वेगळी. कथन मी "असं, तसं, केलं, झालं" मध्ये ठेवलं आणि निबंध सुरू झाला की "असे, तसे, केले, झाले". "त्या मुक्या जीवाने मला जगण्याचा खरा अर्थ शिकविला." या 'शिकविला'तल्या 'वि'ने जे काम केलं ते मूळ पुस्तकात लेखिकेला अर्धं पान खर्चून करावं लागलंय. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हा सौदा अगदीच तोट्याचा नाही.

मधल्या काळात एक मोह झाला तोही सांगते. सगळं उचलून इकडे आणावं. मेरीलँड नको, आपलंच एखादं गाव, प्रॉमच्या जागी दहावीचा सेंड-ऑफ. आईची साडी, पिना, पहिल्यांदाच साडीत आलेल्या मुली आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघणारी मुलं. प्रॉमशी त्याची नाळ जुळते हे मला आजही वाटतं. आणि आपल्याकडे रूपांतराची परंपरा काय लहान आहे? शॉच्या 'पिग्मॅलियन'चं पुलंनी 'ती फुलराणी' केलं, तेव्हा लंडनची फुलवाली इथलीच झाली. पण ते रूपांतर होतं, आणि करार माझा अनुवादाचा होता. शिवाय ७५ तास? आपल्या बोर्डात कोण मागतं? तो धागा काढला की कादंबरी उसवते. मोह दोन दिवसांत उतरला. त्या दोन दिवसांत लिहिलेली सेंड-ऑफची तीन पानं ठेवलीत, ती माझी मीच कुठेतरी वापरीन.

आता चिठ्ठ्या. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सांगायला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

लॉकरमध्ये चिठ्ठ्या टाकणारं माणूस मुलगा आहे की मुलगी हे शेवटपर्यंत कळत नाही. नायिकेलाही आपल्याला कोण असायला हवंय ते कळत नाही, आणि ते न कळणं हा कादंबरीचा निम्मा जीव आहे. इंग्रजीत 'मी' बोलला काय, बोलली काय, क्रियापद सारखंच. मराठीत पहिल्याच चिठ्ठीत पहिल्याच शब्दाला बिंग फुटतं. "उद्या भेटतो." "उद्या भेटते." संपली गोष्ट, उरलेली तीनशे पानं कशाला वाचायची? (कोल्हापूरकडच्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात. नायिका तिकडची असती तर माझे दोन महिने वाचले असते.)

मग मी वहीचं एक पान आखलं. डाव्या बाजूला जी रूपं चुगली करतात ती, उजवीकडे जी तोंड मिटून बसतात ती. मजा अशी निघाली की आपली भाषा वाटते तेवढी चहाडखोर नाही. भविष्यकाळ गप्प असतो: "मी येईन", "मी सांगेन". "येणार आहे" हेही गप्प. सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ गप्प, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: "मी तुझा निबंध वाचला", "मी तुझी छत्री पाहिली". यात वाचणारा कोण, पाहणारा कोण, पत्ता नाही. "मला वाटलं", "मला आवडतं" ही तर सज्जनच. चुगलखोर म्हणजे वर्तमानकाळ आणि येणं-जाणं-बसणं-हसणं यांचा भूतकाळ. आणि दगाबाज म्हणजे बोलणं, विसरणं, शिकणं. "मी धडा शिकलो", "मी छत्री विसरले". यांना कर्म असतं, पण वागतात अकर्मकासारखी. नेमकी निनावी प्रेम करणाऱ्या माणसाला हीच क्रियापदं सारखी लागतात.

एका चिठ्ठीत होतं की, तुला सांगायला विसरले किंवा विसरलो. तिथे लिहिलं: "सांगायचं राहून गेलं." दुसरीत, मी काल तुझ्याशी बोलू शकले किंवा शकलो नाही. "काल तोंडातून शब्द फुटला नाही." ही दोन्ही वाक्यं मूळापेक्षा बरी आहेत असं मी संपादकांना म्हटलं नाही, पण त्यांनीच समासात टिकमार्क केला. सगळ्यात अवघड होतं एक साधं वाक्य: तुझ्या मागेच मी उभी होते किंवा उभा होतो. 'उभा' की 'उभी'? तीन दिवस. शेवटी क्रियापदच काढलं. "तुझ्या पाठीमागे, दोन पावलांवर, मी."

अशा चौदा चिठ्ठ्या. सगळ्यांत मिळून एकही चुगली नाही, हे भाचीने पेन्सिल घेऊन तपासलं. शेवटच्या, पंधराव्या चिठ्ठीत मूळात खाली सही आहे आणि सहीने गौप्यस्फोट होतो. मराठीत मी सहीच्या एक ओळ आधी पहिल्यांदाच एक साधं क्रियापद मोकळं सोडलंय. भाची तिथे थांबली आणि सहीपर्यंत जायच्या आधीच ओरडली. कोणतं क्रियापद ते सांगत नाही.

तू आणि तुम्हीचा घोळ त्या मानाने अपेक्षित होता, पण त्यातही एक जागा अशी आली की संपादकांशी खरंखुरं वाजलं. आईचा नवरा. "सावत्र वडील" म्हटलं की आपल्याकडे मागे सनई बंद होते आणि पाऊस लागतो, म्हणून नायिकेच्या तोंडी सबंध पुस्तकभर "आईचा नवरा" ठेवलं. तिच्या बोलण्यातला कोरडेपणा त्यात बसतो. पण त्याला हाक काय मारायची? तिकडे पोरं सरळ नावाने हाक मारतात. ही तेही टाळते. मराठीत तिने त्याला "तुम्ही" म्हणावं असं मी ठरवलं, आणि ते "तुम्ही" आदराचं नाही, दार लावून घेतल्याचं आहे. "तुम्ही राहू द्या, मी करीन." घरातल्या माणसाला असं तुम्ही-तुम्ही केलं की किती लागतं ते आपल्याला माहीत आहे.

पुढे तो तिला गाडी शिकवतो. एका उतारावर तिचा पाय भलत्या पेडलवर पडतो आणि ती किंचाळते. मूळात फक्त ब्रेक कुठे असं विचारते. मराठीत ती किंचाळली: "ब्रेक कुठेय, सांग ना!" आणि त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत परत "तुम्ही" नाही. कुणी त्यावर काही बोलत नाही, तीही नाही, तोही नाही.

संपादकांनी लिहिलं: हे मूळात नाही. मी लिहिलं: मूळात दोन्हीला एकच शब्द आहे, तिथे ठरवायची सोय नाही. इथे न ठरवायची सोय नाही. त्यांनी लिहिलं: पण ही भर आहे. मी लिहिलं: मग उतारावर तिने "ब्रेक कुठे आहे, सांगा ना" असं किंचाळावं का? दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं: राहू दे.

८२ वर्षांच्या त्या बाईंच्या बाबतीत मात्र मी उलट वागले. हात सारखा "आजी" लिहायला जात होता. आपण रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही आजी म्हणतो. पण एकदा आजी म्हटलं की नातं जुळलंच, मग भांडणाला धार कुठली? त्या पत्त्यांत फसवतात, हिच्या केसांना नावं ठेवतात, आणि हिने यांच्याकडे ७५ तास मोजत बसायचं असतं. म्हणून "मिसेस" आणि आडनाव. वृद्धाश्रम हा शब्दही टाळला, तो आपल्याकडे मुलांनी टाकून दिलेल्या आईबापांचे डोळे घेऊनच येतो. "सीनिअर होम" ठेवलं, आणि ते ठेवावंच लागणार होतं, कारण पुस्तकाचं मूळ नाव या सीनिअर शब्दावरच उभं आहे. शाळेतली सीनिअर आणि होममधले सीनिअर. एक बारावीतली, एक ब्याऐंशीतल्या.

आणि इथे करारातली दुसरी अट समोर येऊन बसली. नाव.

मी "ज्येष्ठ" सुचवलं. मला फारच आवडलं होतं. ज्येष्ठ नागरिक झालेच, वयाने वरच्या वर्गातली मुलगीही झाली, आणि तिकडे शाळेचा पदवीदान समारंभ मेच्या अखेरीला किंवा जूनमध्ये असतो, म्हणजे आपला ज्येष्ठ महिना. तीन अर्थ एका शब्दात! भाचीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मावशी, हे दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवतील माहितीये? तिला कॅलेंडरं म्हणायचं होतं. प्रकाशकांनी "सीनिअर" एवढंच ठेवू म्हटलं, मग ते कॉलेजच्या मार्गदर्शक पुस्तकासारखं दिसू लागलं. "शेवटचं वर्ष" म्हटलं तर कुणाला तरी कॅन्सर झाल्यासारखं. एक नाव तर असं निघालं की ते मी इथे लिहीत नाही. चार महिने हस्तलिखिताच्या वर पेन्सिलीने "नाव?" एवढंच होतं.

मुद्रितशोधकांकडून प्रुफं आली. फार जुने, फार काटेकोर गृहस्थ, त्यांच्या खुणा बघितल्या की मला अजून पोटात गोळा येतो. एका पानावर मी "पंचाहत्तर तास" लिहिलं होतं, पुढच्याच पानावर "पंच्याहत्तर". समासात त्यांच्या बारीक अक्षरात: "एकच रूप ठेवा. 'पंच्याहत्तरी' आठवा."

मी आठवली. आणि तशीच फोनकडे धावले.

पंच्याहत्तरी. मुलीचे तास आणि म्हातारपणाचा समारंभ. मूळ पुस्तकात सीनिअर शब्दात जी कोटी होती ती आमच्याकडे ७५च्या आकड्यात दडून बसली होती आणि मी तो आकडा दीडशे वेळा टाइप केला होता. संपादक फोनवर दोन सेकंद गप्प झाले आणि मग म्हणाले, बाई ब्याऐंशीच्या आहेत. म्हटलं, असू देत, तास पंच्याहत्तर आहेत ना!

भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, चालेल, पण कव्हरवर मुलगीच हवी, हार घातलेले आजोबा नकोत.

करारानुसार लेखिकेला कळवलं. इंग्रजीत समजावून सांगताना पाऊण पान झालं: माणसाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणं, त्याचा सोहळा, त्याला असलेला स्वतंत्र शब्द. ओघात साठीबद्दल लिहिलं, आणि त्याच ओघात सहस्रचंद्रदर्शनाबद्दलही, की ऐंशी वर्षं उलटून गेली की माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात आणि आपल्याकडे त्याचाही समारंभ करतात. अकरा दिवसांनी उत्तर आलं. नावाला मंजुरी एका ओळीत होती. बाकी सगळं पत्र त्या हजार पौर्णिमांवर. ब्याऐंशी वर्षांच्या आपल्या बाईंनी त्या नक्की पाहिल्या असतील का, याचा त्यांनी हिशोब मांडला होता, आणि खाली विचारलं होतं की हे मला पुस्तक लिहायच्या आधी का नाही कुणी सांगितलं.